मेरिकच्या डोंगरावरचा उलटा एम

मेरिक गावाच्या दक्षिणेला जो बोडका डोंगर आहे, त्याच्या उतारावर गावाचे अक्षर आहे. नेवाडात असे अक्षर नसलेले गाव शोधून सापडायचे नाही. शाळेची मुले डोंगरावर दगड रचतात, त्यावर चुना ओततात आणि दर वसंतात पुन्हा चुना मारायला वर चढतात. मेरिकचे अक्षर अर्थातच एम असायला हवे. ते डब्ल्यू आहे.

पेट्रोल भरायला थांबलेला परका माणूस हमखास विचारतो, "गावाचं नाव मेरिक, मग वर डब्ल्यू कशाला?" पंपावरचा माणूस हसू दाबत रस्त्यापलीकडच्या हिरव्या घराकडे बोट दाखवतो. "तिथे विचारा. ट्रेगोबाईंना. पण वेळ हातात ठेवून जा."

झोर्का ट्रेगोला हे बोट खिडकीतून दिसत असे. माहेरची ती पेरासोविच. तिचा बाप तांब्याच्या भट्टीवर कामाला होता, आणि भट्टीच्या धुरांड्याखाली क्रोएशियन कामगारांच्या घरांची जी ओळ होती, तिथे ती वाढली. शाळेत तिची भूमिती चांगली होती. रेघ सरळ, कोन चोख, कागदावर कधी बोटाचा डाग नाही. म्हणून १९३६ च्या वसंतात, डोंगरावर अक्षर काढायचे ठरले तेव्हा मुख्याध्यापक प्रुइट यांनी आराखड्याचे काम तिला दिले. मुलीला असे काम मिळाले याची घरी इतकी अपूर्वाई वाटली की आईने त्या रविवारी अक्रोडाचे सारण भरलेला गुंडाळीचा पाव भाजला आणि शेजारी चार घरी वाटला.

आराखड्याला मोठा कागद हवा होता. तो कंपनीच्या मोजणी कचेरीतून आला. जाड, पांढरा, आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात आधीच छापलेला एक छोटा बाण, उत्तर दिशा दाखवणारा. झोर्काने त्या बाणाकडे पाहिलेही नाही. छापील कागदावर काय काय असते, ते सगळे कोण पाहत बसतो? तिने चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीला डोंगरावरची किती पावले ते लिहिले, आणि मधोमध रुबाबदार एम काढला.

चुन्याच्या दिवशी मुलग्यांनी वर जायचे आणि मुलींनी खाली शाळेच्या अंगणात सँडविच करायचे, असे ठरले. आसपासच्या गावांत हीच रीत होती. झोर्का प्रुइट सरांकडे गेली.

"सर, आराखडा माझा आहे. मी वर जाऊ?"

"झोर्का, तुझं काम झालं. फार सुंदर झालं. आता लोणच्याच्या बरण्या उघडायला मदत कर."

कागद ईमेट ट्रेगोच्या हातात गेला. ईमेट हा मोजणी कचेरीतल्या ट्रेगोंचा मुलगा. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणवाल्यांचे घराणे. नकाशा हातात घेतला की आधी उत्तर शोधायची, हे त्याच्या अंगात बाळकडूसारखे मुरलेले. डोंगर गावाच्या दक्षिणेला. म्हणजे उत्तर कुठे? खाली, गावाकडे. ईमेटने कागद फिरवला, बाण गावाकडे केला आणि त्याप्रमाणे दगड रचायला लावले. काम इतके शिस्तीत चालले होते की कोणाला शंका यायचे कारणच नव्हते.

दुपारी झोर्काने बरणीवरून मान वर केली, तर डोंगरावर दोन टोके खाली येऊन टेकत होती. एमची टोके खाली असतात खरी, पण ही मधली होती. बाहेरचे दोन पाय आभाळाकडे गेले होते.

ती कुंपणाकडे धावली. कमरेचा एप्रन सोडून तो जोरजोरात हलवू लागली. वर मुलगे थांबले. एकाने टोपी काढून हलवली. मग सगळ्यांनीच टोप्या काढल्या आणि रांगेत उभे राहून हलवल्या. झोर्काने दोन्ही हात हलवले. त्यांनी आरोळी ठोकली. ती ओरडली, पण वारा डोंगरावरून खाली येत होता, तिचा आवाज तिच्याच तोंडावर परत आला. मागे उभ्या असलेल्या मुलींनाही वाटले की झोर्का मुलांना जोर देते आहे, आणि त्यांनीही एप्रन सोडले.

शेवटी ती चर्चला जायचे चांगले बूट घालूनच चढली. पोचली तेव्हा शेवटचे पिंप ओतून झाले होते, आणि ईमेट डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता.

"उलटं केलंयत तुम्ही!"

"काय उलटं?"

"अक्षर! खाली जाऊन बघ, गाढवा!"

"कागदावर बाण होता," ईमेट म्हणाला.

"तो कागदाचा बाण आहे! अक्षराचा नाही!"

"बाण म्हणजे बाण. उत्तर तिकडे आहे. तूच बघ सूर्य कुठे आहे ते."

प्रुइट सर खाली अंगणात उभे राहून मान एका बाजूला झुकवून पाहत होते. मग दुसऱ्या बाजूला झुकवून पाहिले. "असू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी फिरवू."

त्या 'पुढच्या वर्षी'ने झोर्काचे आयुष्य खाल्ले.

पुढच्या वर्षी मेरिकच्या बास्केटबॉल संघाने सगळ्या राज्यात पहिला नंबर काढला. असे आधी कधी झाले नव्हते, नंतरही झाले नाही. संघाच्या शिक्षकांनी बजावले की अक्षराच्या एका दगडालाही कोणी हात लावायचा नाही, नशीब त्यातच आहे. मग युद्ध आले, मुलगे गेले. मग युद्ध संपले, तर चुना मिळेना. चुना मिळू लागला, तर डोंगर कंपनीच्या मालकीचा आहे, परवानगी लागेल, असे निघाले. परवानगी मिळाली त्या वर्षी मुलांना गोवर आला.

दरम्यान झोर्काने ईमेटशीच लग्न केले. लोकांना याचे नवल वाटे. पण गावात बाकी सगळे तिच्या पाठीमागे हसत, आणि तोंडावर भांडणारा तो एकटाच होता. लग्नाच्या गाडीमागे मित्रांनी पांढऱ्या रंगात भलामोठा डब्ल्यू काढला. ईमेट पोट धरून हसला. झोर्का चर्चपासून घरापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

घरात तो विषय जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या डबीसारखा कायम असे.

"एकदा, फक्त एकदा कबूल कर," ती म्हणे.

"काय कबूल करू? कागदावर बाण होता."

"एवढ्या मोठ्या डोंगरावर चढून गावाला दिसेल असं अक्षर काढायचं, तर ते गावातून वाचायचं की ध्रुवावरून?"

"ते तू कागदावर लिहायला हवं होतंस."

तिला सगळ्यात अधिक बोचे ते हेच वाक्य. गावात निम्मे लोक ईमेटच्या बाजूचे होते आणि निम्मे कागदाच्या. तिच्या बाजूचे कोणीच नव्हते. भट्टीवरचे जुने कामगार तर म्हणत, "पोरीच्या हाती नकाशा दिला की असंच होणार." नकाशा पोराच्या हाती होता, हे ती किती वेळा सांगणार?

हिवाळ्यात मात्र तिला बरे वाटे. तो उतार उत्तरेकडचा, त्याला ऊन कमी. बर्फ पडले की डोंगर आणि अक्षर एकरंगी होऊन जाई आणि ते वसंतापर्यंत टिके. गावातले सगळे बर्फाला शिव्या घालत, आणि झोर्का सकाळी पडदा सरकवून कॉफी पीत समाधानाने डोंगराकडे पाही. मग एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागे. आधी ती दोन मधली टोके दिसत. तिचा महिनाभर मूड जाई.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा जिल्ह्याच्या इतिहास मंडळाने डोंगराच्या पायथ्याशी लाकडी पाटी बसवली. पाटीवर कोरले होते की हा डब्ल्यू म्हणजे 'विन', मेरिकच्या मुलांच्या विजयाचे प्रतीक आहे, आणि १९३६ च्या विद्यार्थ्यांनी तो मोठ्या दूरदृष्टीने काढला. झोर्काने पाटी दोनदा वाचली. जन्मभर तिने रोजच्या रोज डायरी लिहिली होती. हवा, वारा, कोण आले, कोण गेले, सगळे. त्या दिवशी मात्र तिने पान कोरे सोडले, कारण जे मनात होते ते कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या बाईने लिहिण्यासारखे नव्हते.

(तिसरीपर्यंत ती भट्टीजवळच्या सिस्टरांच्या शाळेत होती. सिस्टर वाकड्या अक्षराला छडी मारत. उलट्या अक्षराला काय केले असते, देव जाणे.)

१९८३ मध्ये भट्टी बंद झाली. धुरांडे थंड पडले, आणि ट्रकमध्ये पलंग, पाळणे, कुत्री भरून घरेच्या घरे निघून गेली. शाळेत मुले उरली नाहीत. तेव्हा जिल्ह्याच्या शाळा मंडळाने ठरवले की मेरिकची शाळा खिंडीपलीकडच्या वेस्कॉटच्या शाळेत विलीन करायची. वेस्कॉट म्हणजे गाईगुरांचे आणि मॉर्मन पंथाच्या लोकांचे गाव. मेरिकच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याशी मैदानात मारामाऱ्या केल्या, ते.

झोर्काला एकच गोष्ट सुचली. शाळा गेल्यावर डोंगरावर कोण चढणार? अक्षर फिरवायचे तर मेरिकची शेवटची तुकडी आहे तोवरच. आता नाही झाले, तर कधीच नाही. ती मंडळाच्या सभेला गेली. सभा व्यायामशाळेत होती, त्या जुन्या विजयाच्या ढालीखाली. झोर्काने तिथेही मान वर करून पाहायचे टाळले.

ती उभी राहिली. "शेवटच्या तुकडीने अक्षर सरळ करावं, एवढंच मागणं आहे," ती म्हणाली. "दगड तिथेच आहेत. चुना आहे. दोन दिवसांचं काम. शाळा जाते आहे, निदान नाव तरी बरोबर राहू दे."

मंडळाच्या अध्यक्ष व्हर्ना ऑगार्ड या वेस्कॉटच्या होत्या. बोलणे मधासारखे. "झोर्का, तुमची तळमळ मला समजते हो. पण विचार करा. आता शाळा आपल्या दोन्ही गावांची. नाव वेस्कॉट. आमच्याकडे तर डोंगर असा नाहीच, नुसत्या टेकड्या. आणि इथे," त्यांनी दोन्ही हात पसरले, "इथे अक्षर तयारच आहे. डब्ल्यू! फिरवायचं कशाला? मला तर ही देवाची योजनाच वाटते."

आधी वेस्कॉटचे लोक हसले, मग मेरिकचेही. मागून कोणीतरी ओरडले, "ईमेट, लेका, तुला पन्नास वर्षं आधीच कळलं होतं की रे!" आणि ईमेटने, हो, तिच्या स्वतःच्या नवऱ्याने, उठून किंचित मान लववली.

गाडीत तिने त्याच्याकडे पाहिले नाही. घरी आल्यावर पर्स टेबलावर आपटली.

"इतकी वर्षं त्या डोंगराला चुना लागतोय, आणि प्रत्येक वेळी तो मलाच लागतो!"

"अगं, गंमत केली लोकांनी."

"आपलं अक्षर दिलं त्यांनी. वेस्कॉटला! आपल्या डोंगरावरून आता वेस्कॉटचं नाव वाचायचं मी, रोज सकाळी, कॉफीबरोबर!"

ईमेट खोकला. भट्टीच्या धुराने त्याची छाती केव्हाच खराब झाली होती. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "वरून पाहिलं तर अजून एमच आहे तो."

"वरून कोण बघतं? गिधाडं?"

तो टोपी घालून स्टाव्रोच्या अड्ड्यावर निघून गेला.

स्टाव्रो कॅनेलोसचा बिलियर्डचा अड्डा ही मेरिकमधली शेवटची चालू जागा होती. रात्रीचे जेवण थंड होऊ लागले तेव्हा झोर्का ईमेटला आणायला गेली. तो कोपऱ्यात बसून कॉफी पीत होता. स्टाव्रो टेबलावर चेंडू मांडत होता. हिरवा चेंडू घरंगळत झोर्काच्या बाजूला आला. त्यावर सहाचा आकडा, आणि आकड्याच्या पायाशी एक छोटी रेघ.

"स्टाव्रो, ही रेघ कशाला?"

"नाहीतर सहाचा नऊ होतो ना, राणीसाहेब. चेंडू कसाही पडतो. रेघ असली की पाय कुठला ते कळतं."

झोर्का चेंडू हातात घेऊन उभी राहिली. फिरवला. रेघ वर गेली, आकडा नऊसारखा दिसू लागला, पण तो नऊ नव्हता. तो उलटा सहाच होता, आणि कोणीही तसेच म्हटले असते.

"चेंडू ठेव," स्टाव्रो म्हणाला. "खेळायचंय आम्हाला."

डोंगरावरच्या अक्षराला तशीच रेघ ओढायला मेरिकच्या शेवटच्या तुकडीतल्या पाच जणांनी यायचे कबूल केले. शनिवारी एकही आला नाही. दोघांचे सामान ट्रकवर चढत होते, एकाच्या भावाचे लग्न निघाले, आणि उरलेल्या दोघांच्या घरी कोणी दारच उघडले नाही. झोर्का परत आली, तिने पहार घेतली, जुने हातमोजे घेतले, आणि ईमेटला म्हणाली, "गाडी काढ."

डोंगराच्या मागून खनिजाच्या ट्रकांचा जुना रस्ता माथ्यापर्यंत जातो. तिथून ती उतरत अक्षराच्या वरच्या कडेला आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती वरून त्याच्याकडे नीट पाहत होती. पायाशी एम होता. सरळ, रुबाबदार, तिने काढला होता तसाच. तिला आनंद व्हायला हवा होता. उलट तिने पहार जरा जास्तच जोरात मातीत घातली.

एमच्या पायाखाली रेघ ओढायची, म्हणजे डोंगराच्या वरच्या अंगाला. ईमेटला दगड उचलणे शक्य नव्हते. तिने त्याला खाली शाळेच्या अंगणात पाठवले, हातात आपला एप्रन देऊन.

"नीट ऐक. रेघ सरळ असेल तर एकदा हलव. वाकडी व्हायला लागली तर दोनदा. कळलं?"

"एकदा सरळ, दोनदा वाकडी."

"आणि उत्तर कुठे आहे याचा विचार करू नकोस."

काही सकाळी अशा गेल्या. ती दगड लोटायची, थांबायची, खाली पाहायची. दूर अंगणात एप्रन एकदा हलायचा. शेवटच्या दिवशी चुना ओतायचा बाकी होता, तेव्हा एप्रन हलतच राहिला. ती थांबली. एकदा? दोनदा? वर, खाली, पुन्हा वर. त्याच्याशेजारी आणखी कोणीतरी उभे होते आणि तोही हात हलवत होता. झोर्काला वाटले, झाले, आता दोघे मिळून कौतुक करताहेत. तिनेही हात वर करून हलवला, शेवटचे दगड बसवले, चुना ओतला.

खाली येऊन पाहिले तर रेघ जवळजवळ सगळी सरळ होती, आणि उजव्या टोकाला खाली वाकली होती.

"हे काय?"

"मी दोनदाच हलवत होतो!" ईमेट म्हणाला. "दोनदा, मग परत दोनदा. तू ऐकेनास. स्टाव्रोसुद्धा हलवत होता. शेवटी तूच टाटा केलंस."

झोर्काने एप्रन ओढून घ्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. कारण १९३६ मध्ये ती जिथे एप्रन हलवत उभी होती, त्याच कुंपणापाशी आज ईमेट उभा होता, आणि एप्रन अजून त्याच्या हातात होता.

"डब्ल्यूच्या डोक्यावर काठी ठेवल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला.

"एमच्या पायाखाली रेघ आहे ती. सहाच्या चेंडूसारखी."

स्टाव्रोने मान तिरकी केली. "सहा," तो म्हणाला. "नऊ नाही. दिसतंय मला." गावात कळले ते एवढ्या एका माणसाला.

सप्टेंबरात वेस्कॉटची शाळा सुरू झाली. झोर्काकडेच राहणारी तिची नात डॅनेट आता रोज बसने खिंडीपलीकडे जात असे. एका संध्याकाळी ती नवा निळा स्वेटशर्ट घालून आली आणि दारातच गिरकी घेतली. पाठीवर मोठा पांढरा डब्ल्यू, आणि त्याच्या डोक्यावर एक रेघ. उजव्या टोकाला वाकलेली.

"आजी, बघ! आपल्या डोंगरावरचाच आहे. सगळ्या शाळेचा झाला आता."

"ही रेघ कशाची?" झोर्काने विचारले.

"डोंगराची कड. चित्रकलेचे सर म्हणाले, कोणी काढली माहीत नाही, पण फार कल्पक आहे."

"आणि इथे वाकली आहे ती?"

"ती खिंड! मेरिक आणि वेस्कॉटला जोडणारी."

ईमेटला हसू फुटले आणि हसण्याचा खोकला झाला. झोर्काने त्याला पाणी दिले, ते जरा सांडलेच. डॅनेटला काही सांगावे असे तिच्या मनात आले. पण कुठून सुरू करायचे? बाणापासून? बरण्यांपासून? मुलगी इतकी खुशीत होती. तिने फक्त विचारले, "बाहीवर मोहरीचा सॉस सांडलाय का? काढ, धुऊन देते."

सकाळी तिने स्वेटशर्ट मागच्या दोरीवर वाळत घातला. ओले कपडे खांद्याला चिमटे लावले की ताणले जातात, म्हणून खालची किनार दोरीवर घेतली, जशी ती नेहमीच घेत असे. दोन चिमटे लावून मागे सरली आणि तिसरा चिमटा तोंडातच राहिला.

पाठीवर एम होता. पायाखाली रेघ.

तिने तो चिमटे काढून उचलला, घराला वळसा घातला, आणि पुढच्या व्हरांड्याच्या दोरीवर, रस्त्याकडे त्याची पाठ करून, तसाच उलटा टांगला. पंपावरचा माणूस बघत होता. बघू दे.

ईमेट बाहेर येऊन पायऱ्या उतरला. त्याने पाहिले. मान झुकवायची गरज पडली नाही.

"यावर बाण कुठे दिसत नाही," तो म्हणाला.

"गप बस, आणि तो चिमटा दे."

स्वेटशर्ट दुपारीच वाळला होता. तिने काढला नाही. संध्याकाळी डॅनेट म्हणाली, "आजी, उद्या मॅच आहे, मला लागेल."

"सकाळी घे."

सकाळी डॅनेटने तो दोरीवरून ओढला आणि अंगात घातला. बसची पायरी चढताना तिच्या पाठीवर पुन्हा डब्ल्यू होता, डोक्यावर वाकडी रेघ घेऊन. बस खिंडीकडे वळेपर्यंत झोर्का व्हरांड्यात उभी राहिली. मग तिने चिमटे गोळा केले आणि एप्रनच्या खिशात टाकले. मोहरीचा डाग पुरता गेला नव्हता. रविवारी तो स्वेटशर्ट पुन्हा धुवावाच लागणार होता.